केबलवरचं ट्रम्पेट

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या एका बाजूच्या गल्ल्यांमधून लोकांना टीव्हीवर जे काही दिसायचं, ते बरीच वर्षं माझ्या गच्चीवरून जायचं. मी केबलवाली होते. धंदा यजमानांनी सुरू केला होता. परदेशी चॅनेल नुकती आकाशातून उतरायला लागली होती आणि छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश, विकत घेणारा माणूस वेडा समजला जायचा. धंद्याने जरा बाळसं धरलं आणि ते हृदयविकाराने अचानक गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं, वहिनी. बरं, क्रिकेटचं चॅनेल दिसत नाहीये केव्हापासून, तेवढं बघता का?"

त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी गच्चीवर गेले, छत्रीच्या मागची तार घट्ट केली आणि त्या दिवसापासून केबलवाली झाले.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गच्चीवर छत्र्या, गच्चीखालच्या खोलीत यंत्रं. छत्री आकाशातून जे पकडायची ते यंत्रांतून एका जाड तारेत जायचं. ती तार झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, लोकांच्या कठड्यांवरून पुढे जायची. वाटेत चित्र अशक्त व्हायचं, म्हणून ठिकठिकाणी पत्र्याच्या डब्यात त्याला जोर देणारी यंत्रं. त्या डब्यांत पाणी शिरायचं, उंदीर शिरायचे, संक्रांतीला पतंगाचा मांजा तारेला कापायचा. मग फोन सुरू. "वहिनी, मुंग्या येतायत." आमच्या धंद्यात पडद्यावर पांढरे ठिपके आले की त्याला मुंग्या म्हणायचे. पहिल्या महिन्यात एका आजींनी हाच फोन केला, तर मी बाळूला, म्हणजे माझ्या लाइनमनला, शिडी आणि पक्कड देऊन पाठवलं. त्यांच्या देव्हाऱ्यात खरोखरच मुंग्या झाल्या होत्या. बाळूने हळद टाकून दिली आणि परत आला.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला घरी बोलावून बजावलं होतं, "आमच्याकडे बातम्या सोडून काहीही दिसता कामा नये. दिसलं, तर जबाबदारी आपली." त्यांच्या पत्नी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "त्यांचं ऐका. फक्त दुपारी दोन ते चार ऐकू नका." मी दोघांचंही ऐकलं. हा धंदा चालवायला याहून जास्त अक्कल लागत नाही.

आमचं स्वतःचं एक चॅनेलही होतं. सगळ्याच केबलवाल्यांचं असायचं. व्हीसीआरवर कॅसेट लावायची आणि ती वस्तीभर दिसायची. दुपारी सिनेमा, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा, गणपतीत मंडळाची आरती. मधली रिकामी वेळ भरायला काहीतरी लागायचंच, म्हणून मी व्हीसीआरमध्ये कोरी कॅसेट घालून ठेवायचे आणि छत्रीवर काही बरं दिसलं की रेकॉर्ड करायचे. उस्मानभाई माझ्या यंत्रांच्या खोलीत आले त्या दुपारी ती कोरी कॅसेट आत होती म्हणून पुढचं सगळं घडलं.

उस्मानभाई आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. बँडमास्तर. त्यांच्या वडिलांचाही बँडच होता. लग्नाच्या वरातीत पुढे चालत ट्रम्पेट वाजवणारे, लाल कोट, पिवळी झालर, ते उस्मानभाई. माणूस बुटका, छाती मात्र रुंद, बोलणं अगदी हळू. त्या दिवशी मुंग्यांचीच तक्रार घेऊन आले होते. माझ्यासमोर छोट्या पडद्यावर एक परदेशी चॅनेल लागलं होतं. ते कुठलं होतं हे मलाही माहीत नव्हतं, चार-सहा महिने आपोआप दिसलं आणि गेलं. त्यावर जुना काळा-पांढरा कार्यक्रम चालू होता. कोट घातलेला एक कृष्णवर्णीय वादक, घामाने चिंब, एका हातात ट्रम्पेट आणि दुसऱ्यात पांढरा रुमाल. त्याने नुसतेच चार सूर वाजवले आणि थांबला.

उस्मानभाई बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "वहिनी, हे पकडता येतं का?"

मी बटण दाबलं. तो माणूस मधेच गायचा, खरखरीत, सर्दी झाल्यासारखा, आणि परत ट्रम्पेट ओठांना लावायचा. सगळं इतकं सावकाश की मला वाटलं चॅनेलमध्येच काही बिघाड आहे. शेवटी त्याने एक सूर वर नेला आणि तिथून तो हळूहळू खाली वाकवत आणला. उस्मानभाई उभेच होते. मी खुर्ची पुढे केली तीही त्यांना दिसली नाही.

संपल्यावर म्हणाले, "आमच्यात सूर असा वाकला तर नवऱ्या मुलाचा मामा मारायला येतो. आणि ह्याच्यासमोर बघा, लोक कसे गप बसलेत."

पुढच्या रविवारी सकाळी भक्तिगीतांनंतर दहा-पंधरा मिनिटं रिकामी होती. मी ती कॅसेट लावली. लगेच फोन सुरू झाले. "सकाळी सकाळी ही पिपाणी कोण वाजवतंय?" "वहिनी, कोणी गेलं का?" एकाने तर विचारलं, की हे असंच चालणार असेल तर भक्तिगीतांसाठी वेगळी तार मिळेल का.

पण दोन फोन निराळे आले. पहिला पिंटोसाहेबांचा. ते खडकीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गोवेकर. त्यांनी त्या वादकाचं नाव सांगितलं, पूर्ण, अगदी आदराने. मग म्हणाले, "मी तरुणपणी ह्याच्या तबकड्या ऐकल्या. तो वाजवताना दिसतो कसा, हे आज पहिल्यांदा पाहिलं. परत लावाल?"

दुसरा फोन एका मुलाचा. "वहिनी, हे कोण वाजवून राहिलं जी?" तो प्रफुल्ल, यवतमाळकडून आलेला, सॉफ्टवेअरच्या कंपनीत नवीन लागलेला. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम करून सकाळी घरी यायचा. म्हणाला, "झोपच येत नाही ना. हे लागलं आणि बरं वाटलं, म्हणून विचारलं."

असे ते तिघं रविवारी सकाळी माझ्या यंत्रांच्या खोलीत जमायला लागले. वस्तीला भक्तिगीतं दाखवायची आणि यांना छोट्या पडद्यावर ती कॅसेट, अशी मी विभागणी केली. पिंटोसाहेब समजावून सांगायचे. या प्रकाराला ब्लूज म्हणतात. तीन ओळी असतात. पहिली ओळ दोनदा म्हणायची, कारण दुःख एकदा सांगून कुणाला पटत नाही. तिसऱ्या ओळीत काय ते उत्तर. उस्मानभाई मन लावून ऐकायचे. ओठ कसे धरलेत, श्वास कुठे घेतला, हे ते मला कॅसेट मागे-पुढे करून दाखवायला लावायचे. एकदा म्हणाले, "तो रडत नाही, वहिनी. रडू आलेलं धरून ठेवतो. ते जास्त कठीण." प्रफुल्ल फारसं बोलायचा नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा आणि पुष्कळदा झोपायचा. त्याला कुणी उठवत नसे.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी चहा करायचे आणि फोन घ्यायचे. पण आठवड्यातला तो एक तास माझ्याकडे कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं, आणि यजमान गेल्यापासून असा तास मला मिळाला नव्हता.

त्याच सुमारास बाळूच्या बहिणीचं लग्न लोणी काळभोरला ठरलं. बँड उस्मानभाईंचा. वरात नेहमीसारखी झाली, सिनेमाची गाणी, नाचणारी पोरं, अंगावर उधळलेल्या नोटा. संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. बाकीचे वाजवणारे जेवायला बसले होते. मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली तेव्हा उस्मानभाई एकटेच मांडवाच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी ट्रम्पेट उचललं आणि वाजवायला सुरुवात केली.

पाठवणीला जे ठरलेलं गाणं वाजतं, तेच त्यांनी घेतलं होतं. पण फार सावकाश. पहिली ओळ वाजवली, थांबले, तीच पुन्हा वाजवली, आणि नंतर सूर खाली वाकवत आणला. मी भांड्यांच्या आहेराजवळ उभी होते. माझ्या शेजारच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. बाळूचे वडील, नामदेवराव, उसाच्या रानात आयुष्य गेलेला दणकट माणूस, खाली मातीत बसले. कुणी त्यांना उठवलं नाही. गाडी सुरू करायला गेलेला ड्रायव्हरही दार उघडं धरून तसाच राहिला.

वाजवून झाल्यावर उस्मानभाईंनी ट्रम्पेटमधलं पाणी झटकलं आणि जेवायला गेले. कुणी त्यांना काही म्हटलं नाही. बँडवाल्याला कुणी काही म्हणत नसतंच. मी परतीच्या टेम्पोत म्हटलं, "उस्मानभाई, आज फार छान वाजवलंत." ते म्हणाले, "ऐकू आलं ना?" आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर सगळं उतरणीला लागलं, आणि ते इतक्या साध्या रीतीने की नेमकं केव्हा लागलं हे सांगता येत नाही. लग्नात डीजे आले. एक ट्रक, चार भिंतींएवढे स्पीकर आणि एक पोरगा. बँडची बोलावणी आधी कमी झाली, मग फक्त गरिबाघरची उरली, मग त्यांनाही डीजेच हवा झाला. उस्मानभाईंचा क्लॅरोनेटवाला रिक्षा चालवायला लागला. ढोलवाला गावी गेला. उस्मानभाई एका आयटी कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. मला म्हणाले, "युनिफॉर्म सुटला नाही, वहिनी. फक्त झालर गेली."

योगायोगाने प्रफुल्ल त्याच कंपनीत काम करायचा. रोज आत जाताना त्याची बॅग उस्मानभाईंना तपासावी लागे. पहिल्या दिवशी तो लाजून म्हणाला, "काका, राहू द्या ना." उस्मानभाई म्हणाले, "उघड बेटा. मागे लाइन लागलीय." त्यानंतर प्रफुल्ल रविवारी यायचा कमी झाला. कामं वाढली होती हे खरं, पण मला वाटतं त्याला माझ्या खोलीत उस्मानभाईंच्या शेजारी बसणं जड जात होतं. पुढे कंपनीने त्याला परदेशी पाठवलं.

कॅसेटही टिकली नाही. पुण्याच्या पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. मी कापसाने पुसत पुसत ती जपली, पण एका रविवारी व्हीसीआरने ती आत ओढली आणि चुरगाळून टाकली. पिंटोसाहेब तो काळ्या फितीचा गुंता हातात घेऊन बसले. म्हणाले, "चला. निदान आपण पाहिलं." त्याच वर्षी ते पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि रुग्णालयातून परत आले नाहीत.

माझ्या धंद्याचं सांगण्यासारखं थोडंच आहे. मोठी कंपनी आली, तिने रस्ता खणून स्वतःची तार टाकली. मग सरकारी नियम आला की प्रत्येक घरात टीव्हीला डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, बसवायचा. डब्यात माझं चॅनेल नव्हतं. सही करून मी माझी वस्ती कंपनीच्या स्वाधीन केली आणि काही वर्षं त्यांचीच वसुली करत दारोदार फिरले. ज्या घरांत मी 'वहिनी' होते त्या घरांत मुलं आतून ओरडायला लागली, "आई, कंपनीची बाई आलीय." गच्चीवरच्या छत्र्या भंगारवाल्याने नेल्या. त्याने त्या जिन्यातून उतरवताना भिंतीचा रंग खरवडला, तो मी अजून लावलेला नाही.

एका सकाळी उस्मानभाई उठले तर त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. चेहऱ्याच्या नसेचा लकवा, डॉक्टर म्हणाले. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. त्यांचं अर्धंमुर्धं सुधारलं आणि थांबलं. डावा गाल सैल पडला. चहा पिताना त्या कोपऱ्यातून ओघळायचा. बोलणं कळायचं, पण प फ ब म्हणताना हवा निसटायची. फाटकावरची नोकरी गेली. ट्रम्पेटबद्दल मी विचारलं नाही. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी एवढंच म्हणाल्या, "एकदा आतल्या खोलीत जाऊन बघितलं त्यांनी. मी बाहेरून ऐकलं. नुसती हवा."

मग माझ्या मनात आलं की लोणीच्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. व्हिडिओवाला पाठवणीच्या वेळी अगदी जवळ उभा होता. उस्मानभाईंचं वाजवणं कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं, एवढ्या वर्षांत एकदाही नाही. पण तिथे असणार. त्यांना ते आणून ऐकवावं. त्यांच्या नातवंडांना तरी कळेल.

मी बसने लोणीला गेले. नामदेवराव थकले होते, पण मला बघून त्यांना आनंद झाला. "या वहिनी, बसा की. लग्नाची शीडी हाय ना घरात. थोरल्यानं कॅसेटवरनं करून आणलीया. लावतो."

हळदीपासून सगळं बघावं लागलं. सुनेने चहा दिला, पोहे दिले. शेवटी पाठवणी आली. मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली. कॅमेरा वळला आणि उस्मानभाई दिसले, तरुण, लाल कोटात, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, दोन्ही बाजू सारख्या. बोटं हलत होती. आणि आवाज येत होता तो सिनेमातल्या एका बाईच्या गाण्याचा.

व्हिडिओवाल्याने नंतर ते वरून टाकलं होतं. तेव्हा सगळेच टाकायचे. लग्नातला गोंगाट पुसायचा आणि त्या जागी प्रसंगाला शोभेलसं गाणं बसवायचं, ही त्यांच्या कामाची रीतच होती.

मी विचारलं, "मूळ कॅसेट आहे का हो, गाणं टाकायच्या आधीची?"

"आता कुठली? तो व्हिडिओवालाबी न्हाई ऱ्हायला." नामदेवराव पडद्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. "काय गाणं लावलंय बघा त्यानं. दर येळेला रडू येतं."

मी हो म्हटलं.

उस्मानभाईंना मी लोणीचं काहीच सांगितलं नाही. पण थोड्या दिवसांनी प्रफुल्लने तिकडून माझ्या मोबाइलवर एका व्हिडिओचा दुवा पाठवला. सोबत लिहिलं होतं, "सापडलं जी वहिनी. उस्मानकाकांना दाखवा." तोच कार्यक्रम, तोच कोट, तोच रुमाल. माझ्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. मी दुपारीच त्यांच्याकडे गेले.

ते पलंगावर बसले होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पहिले चार सूर वाजले आणि त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. मग ओठ हलले. उजवी बाजू आवळली, डावी आलीच नाही, आणि त्या फटीतून फस्स आवाज झाला. त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला.

"आवाज बंद करा, वहिनी."

मी बंद केला. मी उठायला लागले, तर ते म्हणाले, "थांबा. खाली हे काय लिहिलंय एवढं?"

म्हटलं, "लोकांनी लिहिलंय. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी."

"वाचा."

माझं इंग्रजी कामापुरतं. जमेल तसं मराठीत करून वाचायला लागले. एका बाईने लिहिलं होतं की हे तिचे आजोबा दर रविवारी लावायचे, ते गेल्यावर आज पहिल्यांदा तिच्याने ते ऐकवलं. एकाची नोकरी गेली होती आणि त्या दिवसांत तो रोज हे बघत होता. एकाने विचारलं होतं, मला कुणी सांगेल का, हा माणूस माझ्या घरातलं कसं ओळखतो? दोघं जण कार्यक्रम कुठल्या साली झाला यावरून भांडत होते. त्यावर उस्मानभाई अर्ध्या तोंडाने हसले. पडद्यावर तो वादक मुकाट घाम पुसत होता, आणि मी वाचत होते, आणि उस्मानभाई प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत होते. वरातीत पुढे चालणारा माणूस. उभ्या जन्मात त्यांच्या वाजवण्याबद्दल कुणी एक वाक्य लिहिलं नव्हतं.

वाचून वाचून माझा घसा सुकला. हमीदाभाभींनी पाणी आणलं.

उस्मानभाई म्हणाले, "किती लोक आहेत हो."

"खूप आहेत."

"आणि अजून लिहितील."

"हो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "उस्मानभाई, लोणीला तुम्ही पाठवणीत वाजवलंत ते मला आठवतंय. मी ऐकलंय ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा नीट मिटत नव्हता, त्यातून सारखं पाणी यायचं, त्यामुळे ते रडत होते की नाही ते कळायला मार्ग नव्हता. म्हणाले, "तुम्ही एकट्या किती दिवस आठवणार, वहिनी?"

मी मोबाइल पिशवीत ठेवला.

त्या हिवाळ्यात उस्मानभाई गेले. पिंटोसाहेब आधीच गेले होते. प्रफुल्ल आहे, पण त्याने उस्मानभाईंना वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं; रविवारी आम्ही ऐकत होतो ते दुसऱ्याचं. नामदेवरावांना विचाराल तर त्यांना सिनेमातलं गाणं आठवतं, आणि ते आता त्यांचंच झालं आहे. राहिले मी. हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटलं होतं, त्या संध्याकाळी मांडवात ते कसं वाजलं तेवढं तरी नीट लिहून ठेवावं. तो भाग मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिला. थांबले, तीच ओळ पुन्हा वाजवली, सूर खाली आणला, एवढंच लिहिता आलं. वाचून बघते, तर त्यात काही ऐकू येत नाही.